मदत हवी आहे : ई-चलानच्या फोटोत बहिणीचा चेहरा

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात सीटबेल्टचं ई-चलान आलं. चूक माझीच होती, दंड लगेच भरला. पण फोटोत शेजारी बसलेल्या माझ्या बहिणीचा चेहरा अगदी स्पष्ट दिसतोय. गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे ज्याच्याकडे असतील, मग तो जुना मालक असो की गॅरेजवाला, त्याला हे चलान उघडता येतं. हे मला फार खटकतंय.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या नियम १६७ए प्रमाणे कॅमेऱ्याआधी सूचनाफलक लागतो, एवढं ठाऊक आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही २०१७ चा आहे. मग दंड भरल्यावर फोटो किती दिवस ठेवतात? सोबतच्या माणसाचा चेहरा झाकून घेता येतो का? माहिती अधिकारात कुणी विचारलंय का? अर्ज नेमका कोणाकडे करायचा? नमुना असेल तर कृपया द्या.