चुन्याचं पाणी की चुन्याची निवळी?

धरमपेठकर आई: लेक मराठी माध्यमात. कार्बन डायऑक्साइड ओळखायच्या परीक्षेत तिनं 'चुन्याचं पाणी दुधाळ होतं' असं लिहिलं. बाईंनी 'पाणी' खोडून 'निवळी' केलं आणि अर्धा गुण कापला. दोन्ही एकच ना? आणि गाळ न हलवता वरचं पाणी अलगद ओतून घेणं, याला एक शब्द कोणता?

महालातला मास्तर: एकच नाही, ताई. चुना विरघळतो लिटरला जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. ढवळलेलं चुन्याचं पाणी आधीच पांढरं, त्यात वायू सोडून दिसणार काय? रात्रभर ठेवून वरचं नितळ काढलं, की ती निवळी. नळीनं फुंकली की दुधाळ, आणि फुंकतच राहिलात तर पुन्हा निवळते. परीक्षेचा जीवच त्या शब्दात आहे. अर्धा गुण मात्र मी कापला नसता.

कन्हानकाठ: निवळी झाडही आहे, संस्कृतातलं कतक. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ यायचं, तेव्हा आजी त्याची बी उगाळून पाण्याच्या गुंडात टाकायची. कतकाचं नुसतं नाव घेऊन पाणी स्वच्छ होत नाही, असं मनुस्मृतीतही आहे. मला वाटतं, आधी झाड, मग क्रियापद.

सीताबर्डी: उलट. निर्मळवरून निवळ, मग निवळणे, त्यावरून झाडाचं नाव. भांडणही निवळतं, तिथं कुठलं बी?

व्यवहारवादी: लेकराला समजलं ना? मग झालं. शुद्ध शब्दांचा हट्ट नागपूरनं पाहिला आहे. कोशकार डॉ. रघुवीरांनी इथंच बसून ऑक्सिजनला 'जारक', कार्बनला 'प्रांगार' केलं. आज कोण म्हणतं?

महालातला मास्तर: जारक घडवलेला होता, निवळी घरातली आहे. तिला त्या रांगेत बसवू नका. घरचा शब्द आपणच पुस्तकी ठरवला, तर पोरांनी तो ऐकायचा कुठं?

व्यवहारवादी: माझ्या घरी चुना फक्त पानाला लागतो, मास्तर. तिथं निवळी कोणी म्हणत नाही.

धरमपेठकर आई: ओतून घेण्याचं राहिलंच.

कन्हानकाठ: आमच्याकडे निथारणं.

सीताबर्डी: ते हिंदी. मराठीत निथळणं.

कन्हानकाठ: निथळतात ते ओले कपडे. अन् आजी हिंदी बोलत नव्हती जी.