मदत हवी आहे: आंद्रेआ हे मुलाचं नाव आहे का? (तातडीचं)

नदीकाठची: आंद्रेआ हे नाव मुलाचं की मुलीचं? अर्थ काय? आई हटून बसली आहे की हे पोरीचं नाव आहे. हातात तीनच दिवस आहेत, कृपया लवकर सांगा.

तुषार_के: मुलीचंच. मी जर्मनीत आहे, ऑफिसात दोन आंद्रेआ आहेत, दोघीही बायका.

माईआज्जी: अगं, मुलगा झालाय की मुलगी? राहतेस कुठे? आणि तीन दिवस कसले? बारसं पुढे ढकलता येतं. माझ्या नातीचं आम्ही सव्वा महिन्यानं केलं.

नदीकाठची: मुलगा. सांगायचंच राहिलं, मी बोलोन्याला असते, नवरा इटालियन. आज सातवा दिवस. इथे दहा दिवसांच्या आत कोमूनेत, म्हणजे नगरपालिकेत, जन्माची नोंद नावासकट करावी लागते. बाराव्या दिवसापर्यंत थांबता येत नाही.

शब्दवेडा: इटली हे आधी सांगितलं असतंत तर! तिथे आंद्रेआ हे पुरुषाचंच नाव. सोळाव्या शतकातला वास्तुकार आंद्रेआ पाल्लादिओ, जेनोव्हाचा दर्यासारंग आंद्रेआ दोरिया, आजचा गायक बोचेल्ली, फुटबॉलपटू पिर्लो. मूळ ग्रीक 'आनेर', षष्ठीत 'आंद्रोस', म्हणजे पुरुष. संस्कृतातले 'नृ' आणि 'नर' त्याच मुळाचे. आईंना सांगा, नाव परकं नाही, आपल्या 'नर'चं चुलतभावंड आहे.

मिलिंद_ठाणे: अर्थ 'शूर' आहे, 'पुरुष' नव्हे. नावांच्या पुस्तकात मी स्वतः वाचलंय.

शब्दवेडा: ग्रीकमध्ये शौर्याला 'आंद्रेइया' म्हणतात, तोही 'आंद्रोस'वरूनच आलेला. पुस्तक चूक नाही, पण मूळ अर्थ पुरुष हाच.

तुषार_के: इटलीतही मुलींना ठेवतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली तशी परवानगी दिली आहे.

शब्दवेडा: परवानगीसाठी कोर्टात जावं लागलं, यातच उत्तर आहे.

मिलिंद_ठाणे: एवढा वाद कशाला? लिओनार्दो ठेवा. 2018 पासून इटलीत मुलांच्या नावांत तेच पहिलं आहे, त्याआधी बरीच वर्षं फ्रांचेस्को होतं. नाहीतर सरळ वडिलांचंच नाव द्या.

नदीकाठची: हयात वडिलांचं नाव मुलाला द्यायला इथल्या कायद्यात बंदी आहे. आजोबांचं चालतं. आंद्रेआ हे माझ्या सासऱ्यांचंच नाव, म्हणून तर नवऱ्याचा जीव त्यात अडकलाय.

माईआज्जी: हे पहिल्याच ओळीत लिहायचंस ना! आजोबांचं नाव नातवाला, ही तर आपल्याकडचीही रीत. ठेव बिनधास्त.

वसईकर: आंद्रेआ म्हणजे इंग्रजीतला अँड्र्यू. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज चर्च याच नावाच्या संताचं. त्यांचा सण 30 नोव्हेंबरला असतो. बाळाचा जन्म नोव्हेंबरातला का?

प्रवासी: ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणाऱ्या कार्डासाठी, जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आमचे चार महिने गेले.

नदीकाठची: जन्म नोव्हेंबरातला नाही. ओसीआयचं नंतर बघू. आईचा मुद्दा एकच आहे, नाव 'आ'वर संपतं म्हणून बाईचं.

शब्दवेडा: लुका, निकोला, मात्तिआ ही इटलीत पुरुषांचीच नावं. तुम्ही कुठल्या नदीकाठच्या?

नदीकाठची: सांगलीची. कृष्णाकाठची.

शब्दवेडा: मग आईंना नदीच दाखवा. कृष्णा ही माय, द्रौपदीही कृष्णा, आणि तुमच्या गल्लीत एखादा कृष्णा नावाचा मुलगाही असेलच.

नदीकाठची: मामाच आहे माझा! कृष्णामामा. थांबा, आईला फोन लावते.

माईआज्जी: काय म्हणाली आई?

नदीकाठची: आधी गप्प बसली. मग म्हणाली, मामाचं नाव पण लावा. इथे एका मुलाला तीन नावांपर्यंत देता येतात. नवरा आत्ताच कागदावर लिहून बघतोय, आंद्रेआ कृष्णा. उद्या सकाळी कोमूनेत जाणार आहे.

वसईकर: अभिनंदन! पण जन्म कोणत्या महिन्यातला?