फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी केलेल्या लोबेक्टॉमीच्या (एक लोब काढण्याच्या) रिपोर्टात चारच लिम्फ नोड, तर एन-झिरो (नोडमध्ये कॅन्सर नाही) खरा मानायचा का?

केतकी_प: उजव्या वरच्या लोबची लोबेक्टॉमी. अ‍ॅडेनोकार्सिनोमा, ३.४ सेंमी, मार्जिन (कापलेल्या कडा) मोकळे, प्ल्युरा (फुफ्फुसाचं आवरण) मोकळा. रिपोर्टावर टी२ए (गाठीच्या आकाराची पातळी) एन-झिरो, स्टेज १बी. पण लिम्फ नोड एकूण चार: स्टेशन म्हणजे नोडच्या ठरलेल्या जागांपैकी १०आरचे (फुफ्फुसाच्या मुळाशी) दोन, ४आरचे (श्वासनलिकेच्या उजव्या बाजूचे) दोन, चारही निगेटिव्ह. स्टेशन ७ चा (श्वासनलिका दुभागते त्याखालच्या नोडचा) उल्लेखच नाही. रुग्णाला धूम्रपानाची सवय कधीच नव्हती. एवढ्यावर विसंबावं का? आता काय करता येईल?

छेद_स्लाइड: आधी पॅथॉलॉजी विभागाला फोन करा, आजच. रिपोर्ट गेल्यावर उरलेला लोब फॉर्मलिनमध्ये काही आठवडेच ठेवतात, मग टाकून देतात. लोब असेल तर लेखी विनंती करून पुन्हा ग्रॉसिंग (नमुना कापून तपासायचे भाग निवडणं) मागा. तुमच्या यादीत ११ ते १४ ही स्टेशनं नाहीत, आणि यातले १२ ते १४ लोबच्या आतच असतात. ब्रॉन्कस धरून पातळ काप घेत गेलं नाही तर ३-४ मिलिमीटरचे काळपट नोड आजूबाजूच्या काजळीत सहज लपतात. तिथे एक जरी पॉझिटिव्ह निघाला तरी एन१ (फुफ्फुसातल्या किंवा त्याच्या मुळाशी असलेल्या नोडमध्ये कॅन्सर), म्हणजे स्टेज दुसरी.

आणखी एक. ४आरचे 'दोन' हे दोन नोड की एकाच नोडचे दोन तुकडे, हे विचारा. मेडियास्टायनममधून (दोन फुफ्फुसांमधल्या जागेतून) नोड बऱ्याचदा तुकड्यांत येतो आणि मोजणी फुगते.

वक्षशल्य: ऑपरेशन नोट आणि फ्रोझन सेक्शनचा (ऑपरेशन चालू असताना केलेल्या झटपट तपासणीचा) कागद काढून बघा. ७ वेगळ्या डबीतून, वेगळ्या नंबराने गेलेला असू शकतो. उजव्या वरच्या लोबसाठी २आर, ४आर आणि ७ बघणं अपेक्षित आहे. किमान सहा नोड, त्यातले तीन एन१चे आणि तीन मेडियास्टायनमचे, ७ धरून. एवढं नसेल तर मार्जिन मोकळे असूनही आयएएसएलसीच्या (फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) व्याख्येत रिसेक्शन (गाठ काढणं) 'अनिश्चित' ठरतं.

आपल्याकडे जुन्या टीबीमुळे नोड कॅल्सिफाय होऊन पल्मनरी आर्टरीला किंवा अ‍ॅझायगस शिरेला घट्ट चिकटलेले असतात. तिथे ओढाताण न करणंच शहाणपणाचं, पण 'काढला नाही, कारण अमुक' एवढी ओळ नोटमध्ये हवीच. नुसत्या नोडसाठी पुन्हा छाती उघडत नाहीत.

केतकी_प: १६ नोड हवेत असंही वाचलं. चार नोड म्हणजे आयुष्य कमी, असं धरायचं?

वक्षशल्य: नाही. तो आकडा २०१७ चा, अमेरिका आणि चीनमधल्या मोठ्या नोंदींवरून आलेला. जास्त नोड तपासले की लपलेले एन१-एन२ (एन२ म्हणजे मेडियास्टायनमच्या नोडमध्ये कॅन्सर) सापडतात, ते रुग्ण पुढच्या स्टेजला जातात आणि उरलेल्या एन-झिरो गटाचे आकडे आपोआप सुधारतात. काढण्याचा स्वतःचा फायदा किती, हे त्यातून वेगळं करता येत नाही. झेड००३० या रँडमाइज्ड चाचणीत (निकाल २०११) नीट सॅम्पलिंग (नोडचे नमुने घेणं) निगेटिव्ह आल्यावर उरलेले नोड काढून जगण्यात फरक पडला नाही. सुमारे ४ टक्क्यांत लपलेला एन२ मात्र निघाला. तिथे सॅम्पलिंग ठरलेल्या स्टेशनांचं होतं, इथे ७ राहिलाय. अमेरिकेत कॅन्सर उपचारांचे निकष ठरवणाऱ्या कमिशन ऑन कॅन्सरनेही १० नोडचा जुना निकष सोडून तीन वेगळी मेडियास्टायनल स्टेशनं आणि एक हायलर (फुफ्फुसाच्या मुळाशी), असा धरला तो याचसाठी.

ऑन्को_ओपीडी: ईजीएफआर, एएलके या जनुकांची तपासणी झालीय का? नसेल तर ट्यूमरच्या ब्लॉकवर करून घ्या. एक्झॉन १९ डिलीशन किंवा एल८५८आर (ईजीएफआरमधले बदल) असेल तर १बीलाही ऑसिमर्टिनिब ही गोळी तीन वर्षं देतात. तिच्या अडौरा चाचणीत १बी ते ३ए मिळून पाच वर्षांनी ८८ टक्के रुग्ण हयात होते, प्लासिबोत ७८. नोडची शंका असलेल्या १बीमध्ये या तपासणीचं वजन आणखी वाढतं.

ऑपरेशनआधीचा पेट स्कॅन रेडिओलॉजिस्टकडून ७ आणि ४आरसाठी पुन्हा वाचून घ्या. टीबीचे नोडही त्यावर चमकतात, त्यामुळे चमकला म्हणजे कॅन्सर असं नाही. संशय राहिला तर ईबीयूएसने (श्वासनलिकेतून केलेल्या अल्ट्रासाउंडने) ७ मधून सुईने नमुना घेता येतो. ऑपरेशननंतर लगेच मात्र नोड सूजेनेही मोठे दिसतात, म्हणून वेळ सर्जनना विचारून ठरवा. पुढे पहिली दोन-तीन वर्षं दर सहा महिन्यांनी छातीचा सीटी, मग वर्षातून एकदा. सीटीच्या फॉर्मवर 'स्टेशन ७ तपासलेलं नाही' असं लिहून द्या, म्हणजे वाचणारा तिथे मुद्दाम बघेल.