घरच्या मशीनवर १२०, लॅबमध्ये ७.९. आईचं नेमकं काय धरायचं?

रामबागची लेक, इंदूर

आई ६८ वर्षांची, शुगरची गोळी नऊ वर्षं चालू. रोज सकाळी सहाला, चहाच्या आधी, बोट टोचते आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते. गेल्या तीन महिन्यांत ११५, १२२, १२८, फार तर १३५. आम्ही निर्धास्त होतो. मागच्या आठवड्यात तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी केली, ती आली ७.९. डॉक्टरांनी आणखी एक गोळी दिली. आई म्हणते, "नव्वद दिवसांचं कॅलेंडर खोटं आणि एका नळीतलं रक्त खरं?" नवी गोळी तिने उघडलीसुद्धा नाही.

त्यात आणखी घोळ. त्याच सकाळी घरी १२८ आणि लॅबची उपाशीपोटीची ११४. म्हणजे एका हिशेबाने मशीन जास्त दाखवतं, दुसऱ्या हिशेबाने कमी. बाबांचे डोळे शुगरनेच गेले होते, म्हणून मला हे असं सोडून द्यायचं नाही.

सुदामानगरहून

हात कशाने पुसते ते बघा. आमच्या ह्यांची एकदा २६० आली, सगळ्यांची धावपळ. नुकतंच सीताफळ सोलून खाल्लं होतं! साबणाने हात धुऊन, कोरडे करून परत टोचलं तर १४८. स्ट्रिपची डबीही घट्ट बंद हवी, पावसाळ्यात दमट होतात.

निवृत्त लॅब टेक्निशियन, लोकमान्यनगर

ताई, ३१ वर्षं हेच काम केलं, म्हणून सविस्तर लिहितो. आईचं कॅलेंडर खोटं नाही आणि रिपोर्टही खोटा नाही.

आधी १२८ आणि ११४. शुगर १०० च्या वर असेल तेव्हा घरच्या मशीनला लॅबपेक्षा १५ टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा मानकातच आहे. तुमचा फरक त्यात बसतो. शिवाय रक्त घरून नेलं असेल तर वाटेत नळीतल्या पेशी शुगर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. राखाडी झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं, पण त्यालाही हे थांबवायला तास-दोन तास लागतात. ह्या १४ च्या फरकावरून आईशी वाद घालू नका.

खरी गोष्ट ७.९ ची. शुगर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्यात दिवसरात्रीचा सगळा हिशेब येतो. ७.९ म्हणजे सरासरी १८० च्या आसपास. आई मोजते सकाळी सहाला, रात्रभर पोट रिकामं असताना. दिवसातली तिची सगळ्यात कमी शुगर बहुधा तेव्हाच असते. उरलेले तास कॅलेंडरवर आलेच नाहीत. नाश्त्याला काय खाते? पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी टोचा, चार दिवस. जेवणानंतर बोटाचं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त दाखवतं, तेव्हा तो आकडा लॅबशी ताडून बघू नका, आईच्याच सकाळच्या आकड्याशी बघा.

एक विचारायचं राहिलं, हिमोग्लोबिन किती आहे? लोह कमी असेल तर एचबीए१सी उगीच वर जाऊ शकते, आणि रक्तात लाल पेशी कमी असल्या की मशीनही जास्त दाखवतं.

गोळी मात्र अशी बंद ठेवू नका. आजच डॉक्टरांना फोन करून सांगा की अजून सुरू केलेली नाही.

रामबागची लेक

काका, हिमोग्लोबिन १२.३ आहे. डॉक्टरांनी ते बघून सांगितलं की रिपोर्टवर विश्वास ठेवा, गोळी सुरू करा.

चार दिवस टोचलं. सकाळी ११९, पोह्यांनंतर दोन तासांनी २२१. दुसऱ्या दिवशी १२४ आणि २०६. दुपारच्या जेवणानंतर १९२. रविवारी पोह्यांबरोबर दोन जलेब्या होत्या, तेव्हा २५८. तो आकडा बघून आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग लाल पेन मागितलं आणि सकाळच्या आकड्याखाली स्वतःच लिहिला.

गोळी परवापासून घेतेय. काल संध्याकाळी भुट्ट्याचा कीस केला होता. वाटी हातात घेतल्यावर तिने आधी घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "सव्वासहा. सव्वाआठला आठवण कर."