आपत्कालीन बिनतारी संभाषणाचे परीक्षण बाहेरच्यांनी करावे का?

मूळ मत: मोठ्या दुर्घटनेनंतर पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांच्या बिनतारी संभाषणाचे ध्वनिमुद्रण त्या दलांबाहेरच्या जाणकारांनी तपासावे. १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रात अग्निशमन दलासाठी रिपीटर (क्षीण बिनतारी संदेश पकडून जोरकसपणे पुढे पाठवणारे यंत्र) बसवला होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी उत्तर मनोऱ्यातील अधिकाऱ्यांना तो बंद वाटला, पण मुख्य हँडसेटचे एक बटण दाबायचे राहून गेले होते, असे चौकशी आयोगाला आढळले. दक्षिण मनोऱ्यात तोच रिपीटर वापरला जात होता. बाहेरची चौकशी नसती, तर 'यंत्र बिघडले' एवढ्यावरच प्रकरण मिटले असते, असे मला वाटते.

पहिला प्रतिसाद: असहमत. नियंत्रण कक्षात सहसा रिपीटरमार्गे आलेलेच मुद्रित होते. इमारतीच्या आत दोन जवान आपापल्या संचांवरून थेट एकमेकांशी बोलतात, ते तिथवर पोहोचतच नाही, आणि नेमके तेच निर्णायक असते. अर्धे ऐकून निवाडा करणाऱ्याच्या धाकाने अधिकारी धुरात उभा राहून शब्द तोलू लागला, तर त्याची किंमत आतल्या माणसांना मोजावी लागेल.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर: अर्धेच ऐकू येते, हे मान्य, पण कोणाचे कोणाला ऐकू गेले नाही, हाही परीक्षणाचाच विषय आहे. उत्तर मनोरा कोसळण्याची शक्यता पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून कळवली गेली होती आणि अग्निशमन अधिकाऱ्यांना ती वाहिनी ऐकूच येत नव्हती. दोन्ही दलांची मुद्रणे शेजारी ठेवून ऐकल्याशिवाय ही पोकळी दिसत नाही, आणि एकटे कोणतेही दल ते करू शकत नाही.

दुसरा प्रतिसाद: परीक्षक कोण, यावर आपण उगाच शक्ती खर्च करत आहात. लंडनमधील किंग्ज क्रॉस या भुयारी रेल्वे स्थानकाच्या १९८७ च्या आगीची चौकशी बाहेरच्यांनीच केली होती आणि भुयारात सर्व दलांना परस्परांशी बोलता यावे, ही गरज १९८८ च्या अहवालात नोंदलेली होती. तरी लंडनच्या भुयारी रेल्वेतील ७ जुलै २००५ च्या स्फोटांच्या वेळी ती पुरती भागलेली नव्हती. शिफारशीला मुदत आणि निधी जोडणार कोण, ते आधी सांगा.

पहिला प्रतिसाददाता पुन्हा: मुदतीचा मुद्दा रास्त आहे. माझा विरोध दोन अटींवर मागे घेतो: ध्वनिमुद्रणाच्या आधारे कोणावरही शिस्तभंगाची कारवाई होऊ नये आणि थेट संचांवरील बोलणे घटनास्थळीच मुद्रित करण्याची सोय आधी व्हावी.