मेक्सिकोचा डिसेंबर गावच्या शाळेत: पिन्याता, मका आणि वर्ध्याचे खानखोजे

सेलू_मास्तर:
सहावी-सातवीची चाळीस पोरं आहेत. लॅटिनो लोकांचे सण आणि त्यांची मोठी माणसं, यावर एक दिवस घ्यायचा आहे. मेक्सिकोचा मृतांचा दिवस डोक्यात होता, पण १-२ नोव्हेंबरला आपल्याकडे दिवाळीच्या सुट्ट्या असतात. दुसरं काय घेता येईल? सामान आठवडी बाजारात मिळेल तेच सांगा. कागदी मिशा आणि मोठ्या टोप्यांचा तमाशा नको.

पऱ्हाटी:
सर, पोसादा घ्या. १६ ते २४ डिसेंबर, नऊ संध्याकाळी. येशूचे आईवडील योसेफ आणि मरिया मुक्कामाला जागा शोधत दारोदार फिरतात, नकार ऐकतात, शेवटी एक दार उघडतं. दोन वर्गांची दारं वापरून पोरं हे सहज करतील. त्यानंतर पिन्याता फोडायची. आपल्या दहीहंडीची चुलत बहीणच समजा, फक्त डोळे बांधून आणि काठीनं. जुन्या पद्धतीत आत मातीचं मडकं असायचं. तुम्ही ते घेऊ नका, खापऱ्या उडतात. कागदाची करा.

फुगा सुमारे ३० सेंमी फुगवा. १ वाटी मैदा १ वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, ४ वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि ३-४ मिनिटं ढवळा. खळ झाली. वर्तमानपत्राच्या ३-४ सेंमी रुंद पट्ट्या खळीत बुडवून तीन थर द्या, वरच्या बाजूला ८ सेंमी तोंड सोडून. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही, म्हणजे तीन-चार दिवस हातात ठेवा. पहिला थर सावलीत वाळवा. उन्हात फुग्यातली हवा पसरते आणि ओला कागद फाटतो. वाळायच्या आधी फुगा फोडला तर पोट आत बसतं. थर दोन दिले तर फळांच्या वजनानंच फाटते, पाच दिले तर पोरं दमून जातात आणि ती फुटत नाही.

पिन्याता चांदणीच्या आकाराची करतात. तिला सात टोकं असतात, ख्रिस्ती धर्मातल्या सात पापांची म्हणतात. त्यासाठी २५ सेंमी त्रिज्येचे पाव-वर्तुळ कार्डशीटमधून कापा आणि शंकू वळवा. बूड साधारण १२ सेंमीचं येतं. सहा शंकू पोटाभोवती, सातवा समोर. मोठ्या शीटमधून चार निघतात, म्हणजे दोन शीट पुरतात. वरून पतंगी कागदाच्या झालरी, खालून वर चिकटवायच्या, कवेलू जसे रचतात तसे. वरून सुरू केलं तर खालची झालर वरच्या झालरीवर चढते आणि चिकटवल्याच्या खुणा उघड्या पडतात.

दोरी कागदाला बांधू नका. तोंडातून बांबूची कामटी आत घालून आडवी टेकवा आणि दोरी तिला बांधा. म्हणजे वजन कामटीवर येतं. मेक्सिकोत आत संत्री, उसाची कांडं, भुईमूग टाकतात. आपल्याकडे डिसेंबरात हे सगळं आहे, बोरंही टाका. एकूण दीड-दोन किलोच्या वर नको. चॉकलेट कशाला?

आणि एक गोष्ट पक्की: काठी जमिनीवर पडल्याशिवाय कोणी धावायचं नाही. पिन्याता फुटते तेव्हा डोळे बांधलेला पोरगा काठी फिरवतच असतो, आणि बाकीची पोरं तेवढ्यात वाकलेली असतात.

मका_आणि_चुना:
खायला तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या करा. मक्याचं साधं पीठ घेऊ नका, ते लाटताना फाटतं. मका चुन्यात शिजवावा लागतो. १ किलो वाळलेला मका, ३ लिटर पाणी, पानाचा ओला चुना २० ग्रॅम. कळीचा चुना नको, तो पाण्यात पडला की उकळतो. भांडं स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमला चुना खातो. मंद आचेवर ४० मिनिटं, टरफल बोटानं सुटलं पण गाभा कच्चा राहिला की उतरवा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोन-तीन पाण्यानं चोळून धुवा.

चुन्यामुळे पीठ चिवट होतं आणि मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. मका जगभर गेला, पण ही रीत त्याच्यासोबत गेली नाही. म्हणून मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना युरोपात आणि अमेरिकेत पेलाग्रा, म्हणजे नायसिन न मिळाल्यानं होणारा आजार, झाला.

बियाण्याचा गुलाबी रंग लावलेला मका अजिबात नको, त्याला औषध चोळलेलं असतं.

सेलू_मास्तर:
ओला मका गावच्या चक्कीवर देता येईल का?

मका_आणि_चुना:
नाही हो, दगड भरून चक्की बंद पडेल. पाट्यावर वाटा, किंवा ओल्या वाटणाचा ग्राइंडर. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं. मग कापडात बांधून पिळून घ्या. ३५ ग्रॅमचा गोळा तेलाच्या कापलेल्या पिशवीत दाबायचा, साधारण १५ सेंमी, कोरड्या कडक तव्यावर. कडा चिरल्या तर पीठ कोरडं आहे, हात ओला करून मळा.

वर्धेकर:
माणसांचं म्हणाल तर सुरुवात घरून करा. पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्यावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिकोचे चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना चितारलंय. चापिंगोत २०२२ साली त्यांचा पुतळा बसला. पोरं तोर्तिया खात असताना हे सांगितलं तर लक्षात राहील.

ते अर्थात लॅटिनो नव्हेत. लॅटिनो म्हणजे अमेरिकेत राहणारे, मुळं लॅटिन अमेरिकेत असलेले लोक. त्यांच्यातले अंतराळवीर होजे एर्नांदेझ घ्या: मेक्सिकन शेतमजुरांचा मुलगा, लहानपणी कॅलिफोर्नियाच्या शेतात वेचणी केलेला. नासानं ११ वेळा नाकारलं, २००४ ला निवड झाली, २००९ ला डिस्कव्हरी यानातून गेले. शेतमजुरांच्या नेत्या दोलोरेस उएर्तांचंही नाव घ्या. कॅलिफोर्नियातल्या देलानोचा १९६५ चा द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप सांगताना मात्र एक चूक नेहमी होते. तो सुरू केला फिलिपिनो मजुरांनी, मेक्सिकन मजूर काही दिवसांनी सामील झाले. भित्तिपत्रक करणार असाल तर एवढं नीट लिहा.