मदत हवी आहे: मुलांच्या भेटीत ताई गोठून जाते आणि अहवालात तिला ‘अनास्था’ म्हणतात

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीसाठी विचारतेय. तिची दोन्ही मुलं सात महिन्यांपासून बालसंरक्षण विभागाच्या देखरेखीत, एका फॉस्टर (मुलांना तात्पुरतं सांभाळणाऱ्या) कुटुंबात आहेत. कारण लपवत नाही. नवरा तिला मुलांसमोर मारायचा आणि तिला वेळेत बाहेर पडता आलं नाही. आता ती वेगळी राहते. मुलांना न्यायला हवं होतं की नव्हतं, यावर कृपया इथे चर्चा नको.

मुलं नेली त्या सकाळी बेल वाजली होती. ताईने ती बेल काढूनच टाकली आहे, आता आम्ही जाताना आधी मेसेज करतो. अनोळखी नंबर आला की ती फोन उलटा ठेवून दुसऱ्या खोलीत जाते. विभागाचे दोन फोन असेच राहिले आणि ‘संपर्क टाळतात’ अशी नोंद झाली.

मागच्या भेटीला मी सोबत होते. धाकट्याने हलणारा दात दाखवायला तोंड उघडलं, ‘आई, बघ ना’ म्हणाला. ताईची नजर कोपऱ्यात भेटीच्या नोंदी लिहीत बसलेल्या बाईंच्या पेनवर खिळली होती. पोराने तीनदा हाक मारली. अहवालात आलं, ‘आईने प्रतिसाद दिला नाही.’ ते खोटं नाही हो, पण घरी येऊन ती रात्रभर त्या दाताबद्दलच बोलत होती.

मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडीचं, म्हणजे मोठ्या मानसिक आघातानंतर होणाऱ्या आजाराचं, निदान केलंय. टाळणं, सुन्न होणं, सतत दचकणं ही त्याचीच लक्षणं, असं त्यांनी समजावलं. लहानपणी आमच्या घरातही मारझोड होती, त्यामुळे ते कॉम्प्लेक्स पीटीएसडीचाही (दीर्घकाळ, वारंवार झालेल्या आघातांनंतर दिसणारा प्रकार) विचार करताहेत. हे निदान आयसीडी-११ मध्ये आहे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत. समुपदेशक बाईंनी पॉलीन बॉस या कुटुंब-उपचारतज्ज्ञांची एक कल्पना सांगितली: माणूस जिवंत आहे पण जवळ नाही, अशा वियोगाचं दुःख धड संपतही नाही. ताई पहिल्यांदा मान डोलावून म्हणाली, ‘हेच.’ कुणी गेलं की लोक भेटायला येतात, तिच्याकडे कुणीच आलं नाही.

ट्रॉमावर (मानसिक आघातावर) केंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी, किंवा ईएमडीआर, म्हणजे आघाताची आठवण मनात ठेवून डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने होणारी थेरपी, सुचवलंय. ताई अडून बसलीय. ‘उपचार घेतले तर मी वेडी आहे असं लिहितील आणि मुलं कधीच देणार नाहीत,’ म्हणते. मला वाटतं, उपचार न घेणंच तिच्या विरोधात जाईल. पण मी तिच्या जागी नाही.

यातून गेलेल्या पालकांना किंवा या क्षेत्रात काम करणाऱ्यांना विचारायचंय:

डॉक्टरांच्या पत्रात नुसतं निदान असावं, की ‘भेटीत गप्प होणं हे लक्षण आहे’ असं स्पष्ट लिहून घ्यावं? थेरपीत बोललेलं विभागाच्या केस वर्करपर्यंत (आमची केस पाहणाऱ्या व्यक्तीपर्यंत) किती जातं, हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घेता येतं का? आणि नोंदी घेणाऱ्या व्यक्तीला ताईच्या नजरेआड बसायला सांगितलं तर तो हट्ट समजला जाईल का? विभागाने पालकत्वाचा वर्गही लावलाय, पण तिथे ट्रॉमावर काहीच नाही. त्याच्या जोडीने थेरपी झेपते का, की एक आधी करावं?

आढावा बैठक तीन आठवड्यांवर आहे. मला ताईच्या शेजारी बसायची परवानगी मिळाली आहे.